विज्ञानकथेच्या विनोदी शॉर्टफिल्ममध्ये अस्तित्वाचा प्रश्न कसा बसवायचा

अस्तित्वाचे प्रश्न मोजकेच आहेत. मी म्हणजे नक्की कोण, मेल्यावर काय उरतं, मी घेतलेला निर्णय खरंच माझा होता का, आणि या सगळ्या धडपडीला काही अर्थ आहे का. शॉर्टफिल्ममध्ये यांतला एकच मावतो. दोन घेतले की एकालाही पुरेसा वेळ मिळत नाही आणि पात्रं व्याख्यानं द्यायला लागतात. म्हणून लिहायला बसण्याआधी आपला प्रश्न एका ओळीत कागदावर उतरवा. तो भिंतीवर चिकटवा, पण संहितेत कुणाच्याही तोंडी येऊ देऊ नका.

आता हा प्रश्न एखाद्या क्षुल्लक कामात अडकवायचा. ‘आय अ‍ॅम नॉट अ रोबोट’ (२०२३) या २२ मिनिटांच्या डच लघुपटाला २०२५ मध्ये ऑस्कर मिळालं. त्यात एका बाईला कॉम्प्युटरवरचा कॅप्चा, म्हणजे आपण यंत्र नाही हे सिद्ध करायची छोटी चाचणी, सुटत नाही आणि आपणच यंत्र तर नाही ना, या शंकेत ती अडकते. केवढा मोठा प्रश्न, आणि तो आला कुठून, तर स्क्रीनवरच्या एका चौकोनातून. फ्रेंच लेखक आल्बेर काम्यूने १९४२ मध्ये मांडलं होतं की माणूस अर्थ मागत राहतो आणि जग गप्प राहतं, या विसंगतीतून निरर्थकता जन्मते. विज्ञानकथेतलं जग गप्प बसत नाही. ते मेन्यूतले पर्याय वाचून दाखवतं, आणि विनोद तिथूनच निघतो.

कल्पनेतलं यंत्र एकच ठेवा. त्याचा नियम एका वाक्यात सांगता आला पाहिजे, पहिल्या ४० सेकंदांत प्रेक्षकाला कळला पाहिजे आणि शेवटपर्यंत बदलता कामा नये. उदाहरणादाखल हा नियम घेऊ: ‘प्रत्येकाच्या आठवणींची प्रत रोज रात्री कंपनीकडे जमा होते, आणि कंपनीचे फोन या प्रतीच उचलतात.’ मीराला दरमहा जाणारे पैसे वाचवायचे आहेत, म्हणून आपली प्रत पुसून टाकायला ती फोन लावते. पलीकडे तिचाच आवाज.

प्रत: ओळख पटवण्यासाठी एक प्रश्न. पहिलीत तुमच्या बाकावर कोण बसायचं?
मीरा: सुनीता.
प्रत: सुरेखा. अजून दोन प्रयत्न शिल्लक आहेत.
मीरा: अहो, मीच मीरा आहे!
प्रत: तसं आपण दोघीही म्हणतोय. नियमानुसार जिला आठवतं तिचाच अर्ज धरला जातो.

यात कुणीही विनोद करत नाही. प्रत इमानदारीने ड्यूटी करते आहे आणि मीराला लवकर मोकळं व्हायचं आहे. ‘आठवणींशिवाय माणूस म्हणजे काय?’ असं वाक्य इथे टाकलं की प्रसंग तिथेच पडतो. प्रेक्षकाला ते दोन ओळी आधीच कळलेलं असतं, आणि स्वतः ओळखल्याचा आनंद आपण त्याच्याकडून काढून घेतो.

इथून प्रसंग तीन पायऱ्या चढवा. आधी नुसती गैरसोय: उत्तर चुकतं. मग नुकसान: तिसरा प्रश्न आईच्या शेवटच्या फोनबद्दल येतो आणि मीराला तो धड आठवत नाही. ती विचारते, “पुढे काय म्हणाली ती?” इथे हसू पूर्ण थांबवा आणि प्रतीला शांतपणे सांगू द्या. वीस सेकंद पुरतात. मग तिसरी पायरी, निवड. “खातं बंद करण्यासाठी एक दाबा,” असं प्रत सांगते. मीरा बराच वेळ आकड्याकडे बघते आणि विचारते, “वर्षाचे पैसे एकदम भरले तर सवलत आहे का?” मोठ्या प्रश्नाचं उत्तर छोट्या कामाच्या भाषेत मिळालं, फिल्म संपली. सगळं स्वप्न होतं, सगळेच रोबोट निघाले किंवा यंत्र पिसाळलं, हे शेवट टाळा. तिन्हींमध्ये आधी घालून दिलेला नियम रद्द होतो, आणि नियमावर बेतलेला प्रत्येक विनोद मागे जाऊन मरतो.

लांबीबद्दल: संहितेचं एक पान म्हणजे साधारण एक मिनिट हा हिशेब इथे चुकतो, कारण थांबे बरेच असतात. पाच पानांचे सहा-सात मिनिटं सहज होतात. स्टॉपवॉच लावून मोठ्याने वाचा. ऑस्करच्या नियमात लघुपट श्रेयनामावलीसह ४० मिनिटांपर्यंत चालतो, पण एका नियमावर उभी असलेली कॉमेडी पाच ते आठ मिनिटांच्या पुढे बहुतेक वेळा ताणलेलीच वाटते.

दोन्ही आवाज एकाच अभिनेत्रीचे असतील तर प्रतीचे संवाद आधी रेकॉर्ड करा आणि प्रत्येक ओळीची वेगळी फाइल ठेवा. शूटिंगच्या वेळी कॅमेऱ्यामागे बसलेल्या माणसाने अभिनेत्रीचं वाक्य संपल्यावर पुढची फाइल वाजवायची. सलग एकच फाइल लावली तर अभिनेत्री अभिनय सोडून मोकळ्या जागा गाठत बसते. हा आवाज तिला इअरफोनमध्ये द्या, म्हणजे तो मुख्य माइकमध्ये शिरणार नाही. प्रतीच्या आवाजाला रोबोटचा इफेक्ट अजिबात लावू नका. तो ऐकताच प्रेक्षक ‘हे यंत्र आहे’ असा निकाल देऊन मोकळा होतो, आणि खरी मीरा कोण हा प्रश्नच उरत नाही. एडिटमध्ये ३०० ते ३४०० हर्ट्झच्या बाहेरचा भाग कापला की फोनचा आवाज होतो. तेवढं पुरे.

दोघी एकाच फ्रेममध्ये दाखवायच्या असतील तर अभिनेत्रीला दोन बाजूंना दोनदा शूट करून दोन्ही अर्धे एडिटमध्ये जोडायचे. त्यासाठी कॅमेरा ट्रायपॉडवर पक्का करा. फोकस, एक्स्पोजर (उजेडाचं प्रमाण) आणि व्हाइट बॅलन्स (रंगांचा समतोल) तिन्ही मॅन्युअल हवेत, नाहीतर दोन टेकमध्ये रंग बदलतो आणि जोड दिसतो. जोडाची रेघ दाराच्या चौकटीसारख्या उभ्या कडेवर धरा. ती रेघ हातानेच काय, सावलीनेही ओलांडता कामा नये. खिडकीला जाड पडदा लावा, कारण कपडे आणि केस बदलेपर्यंत ऊन सरकलेलं असतं. समोरच्या मीराचे डोळे जिथे येतील त्या उंचीवर स्टँडला टेपचा तुकडा चिकटवा. ही उंची चुकली तर प्रेक्षकाला जोड दिसला नाही तरी दोघी वेगवेगळ्या खोल्यांत असल्यासारखं वाटतं. वीज ५० हर्ट्झची असेल तिथे सेकंदाला २५ फ्रेम आणि १/५० सेकंदाचं शटर ठेवा, म्हणजे दिव्यांचा लुकलुकाट टळतो.

निघण्याआधी सगळ्यांना गप्प बसवून खोलीचा नुसता आवाज किमान तीस सेकंद रेकॉर्ड करा, तो एडिटमध्ये थांब्यांखाली घालायचा. या फिल्ममध्ये थांबे फार, आणि थांब्यात निर्जीव शांतता आली की फाइल बिघडल्यासारखी वाटते.

एडिटमध्ये सर्वात जास्त वेळ या थांब्यांना द्या. गमतीच्या उत्तरानंतर कट ऐकणारीच्या चेहऱ्यावर करा, आणि तो १२, १८, २५ फ्रेम असा वेगवेगळा धरून पाहा. आईच्या फोननंतर मात्र तीन सेकंदांहून कमी नको. विनोदी संगीत काढून टाका, ते प्रेक्षकाला कधी हसायचं याचे हुकूम देतं.

मग संहिता न वाचलेल्या पाच जणांना फिल्म दाखवा. आवडली का, हे विचारू नका. नियम काय होता, ते एका वाक्यात सांगायला सांगा. तिघांना जमलं नाही तर दुरुस्ती पहिल्या मिनिटात करा, शेवटाशी झटापट नको. आणि आईच्या प्रसंगात कुणी हसलं, तर त्याआधीचा विनोद आणि हा प्रसंग फार जवळ आले आहेत. मध्ये मीराचा न बोलणारा एक शॉट घाला आणि पुन्हा नव्या माणसांना दाखवा.