फवारणीचं हेलिकॉप्टर शेतात पडलं, तर जमिनीवरच्या माणसाने काय करावं

हेलिकॉप्टर फवारणीत माझं काम जमिनीवरचं. औषध कालवायचं, टाकी भरायची, वाऱ्यावर लक्ष ठेवायचं. अपघात झाला तर यंत्रापाशी सगळ्यात आधी पोचतो तो बहुधा हाच टाकी भरणारा, म्हणून हे त्याच्यासाठी लिहितो आहे.

खरी तयारी पहिली टाकी भरण्याआधीच करायची असते. या कामातला मोठा वैरी म्हणजे विजेची तार. यंत्र पिकाच्या जेमतेम दोन-चार मीटर वरून जातं आणि त्या उंचीवरून तार नजरेला येत नाही, खांब तेवढे दिसतात. म्हणून वैमानिकाबरोबर शेताची कड पायी फिरा. मुख्य लाइनीतून फुटून पंपाकडे गेलेली एकटी तार हमखास नजरेतून सुटते, ती मुद्दाम शोधा आणि कागदावर काढा. वैमानिक म्हणेल, ‘ती मला माहीत आहे.’ तरी दर भरणीला आठवण द्या. ऑस्ट्रेलियात विमानं आणि हेलिकॉप्टरं तारेला धडकल्याचे जे अपघात झाले, त्यांची तिथे तपासणी झाली. निम्म्याहून जास्त अपघातांत ती तार तिथे आहे हे वैमानिकाला आधीच ठाऊक होतं. मान खाली घालून ओळीमागून ओळ फवारणाऱ्या माणसाचं असं होतं, त्यात त्याला दोष देता येत नाही.

त्याच कागदावर खांबांचे क्रमांक, वीज कंपनीचा फोन नंबर, शेताचे अक्षांश-रेखांश आणि रुग्णवाहिका आत येईल असा रस्ता लिहा. औषधाच्या लेबलची एक प्रत खिशात हवी. गाडीत राहिलेली प्रत ऐन वेळी सापडत नाही.

आता यंत्र पडलं आहे असं धरा. पळत सुटू नका. आधी रुग्णवाहिका आणि अग्निशमन दलाला फोन, आणि बोलता बोलता वर बघा. तार तुटून यंत्रावर किंवा पिकात पडली असेल, तर किमान दहा मीटर लांब थांबा. ठिणगी दिसत नाही म्हणून तार मेली असं समजू नका. लाइन आपोआप पुन्हा चालू होऊ शकते. खांबाचा क्रमांक सांगून वीज बंद करायला लावा आणि बंद झाल्याचं कंपनीकडून पक्कं होईपर्यंत कोणालाही पुढे जाऊ देऊ नका. वैमानिक शुद्धीवर असेल आणि आग नसेल तर त्याला ओरडून सांगा, ‘आतच बस.’ आग लागलीच तर त्याने दोन्ही पाय जुळवून उडी मारायची, यंत्र आणि जमीन एकाच वेळी शिवायची नाहीत, आणि मग पाय न उचलता, घासत घासत लांब जायचं. आत आपला माणूस आहे आणि आपण उभे आहोत, हे फार जड जातं, पण दुसरा माणूस पडला तर त्या दोघांनाही वाचवणारं कोणी उरत नाही.

तारेचा धोका नसेल तर पाती पूर्ण थांबू द्या. मग वारा पाठीवर घेऊन जा, म्हणजे धूर आणि औषधाची वाफ अंगावर येणार नाही. शेपटीच्या बाजूने कधीच नाही. एकाने अग्निशामक घेऊन सज्ज राहायचं, दुसऱ्याने इंधनाचा कॉक (इंधन बंद करायची तोटी) आणि बॅटरीचा स्विच बंद करायचा. हे दोन्ही कुठे आहेत ते वैमानिकाकडून सकाळीच बघून ठेवा. आग नसेल, इंधन गळत नसेल तर त्याला ओढून काढू नका. मणक्याला मार असू शकतो. श्वास चालू असेल तर हेल्मेटही राहू द्या.

औषधाची टाकी फुटून तो भिजला असेल तर मात्र थांबायला वेळ नसतो. जाड रबरी हातमोजे घाला, त्याचे कपडे कापून काढा, पंधरा-वीस मिनिटं भरपूर पाणी ओता, डोळे वेगळे धुवा. बाहुल्या टाचणीएवढ्या झाल्या, लाळ सुटली, घाम फुटला, धाप लागली, तर ऑर्गनोफॉस्फेट या कीटकनाशकांच्या गटाची विषबाधा असू शकते. तसं फोनवर सांगा, म्हणजे डॉक्टर त्यावरचा उतारा, अॅट्रोपिन, तयार ठेवतील. उलटी काढायला जाऊ नका. खिशातलं लेबल त्याच्याबरोबर पाठवा.

तो रवाना झाला की मोडलेल्या यंत्राला हात लावू नका, कोणाला लावू देऊ नका. तुकडे गोळा करून ढीग केला तर तपास तिथेच अडतो. पाती कशी वाकली, कुठे तुटली, यावरून आदळताना इंजिन ताकद देत होतं की नाही, याचा माग तपास करणाऱ्यांना लागतो. भरणीची वही आणि उरलेल्या इंधनाचा नमुना त्यांच्याच हातात द्या.