पाडव्याच्या जाहिरातीसाठी स्टॉक फोटो कसा निवडावा आणि कसा विकत घ्यावा

समजा, एका सराफी पेढीची गुढीपाडव्याची जाहिरात तुमच्याकडे आली आहे. वर्तमानपत्रात अर्धं पान, चौकात वीस बाय दहा फुटांचं होर्डिंग आणि इन्स्टाग्रामसाठी चौकोनी पोस्ट. फोटोशूटला वेळ नाही, स्टॉकमधून काहीतरी छान बघा, असं क्लायंटने सांगितलंय. अशा वेळी पहिला हात शटरस्टॉक या तयार (म्हणजे स्टॉक) फोटो विकणाऱ्या साइटकडे जातो. तो जरा आवरा.

आधी लेआउट काढा. कागदावर पेन्सिलीने काढला तरी पुरे. मजकूर कुठे, लोगो कुठे, घडणावळीवरच्या सवलतीचा आकडा कुठे (तो ऐन वेळी मोठा करायला सांगणारच) हे ठरलं की फोटोला कोणती जागा उरते ते दिसतं. एका बाजूला मोकळी पार्श्वभूमी असलेला फोटो अशा कामात सोन्यासारखा. तोच फोटो आडव्या होर्डिंगला आणि चौकोनी पोस्टला, चेहरा न छाटता, कापता येईल का हेही आताच पाहा.

मग शोधा, पण शब्द बदलून बदलून. 'इंडियन ब्राइड' टाकलं की पानंच्या पानं लेहंगा आणि मांगटीका. आपल्याला हवी नथ, पैठणी, नऊवारी. तेच शब्द इंग्रजी अक्षरांत टाका. गुढीचं स्पेलिंग एच घालून आणि एचशिवाय, दोन्ही तऱ्हांनी तपासा, कारण फोटो चढवणाऱ्यांनी मनाला येईल तसं लिहिलेलं असतं. शटरस्टॉक, अडोबी स्टॉक, आयस्टॉक यांच्या जोडीला इमेजेस बझार ही भारतीय चेहऱ्यांसाठीच ओळखली जाणारी साइटही पाहावी.

एआयने बनवलेली चित्रं गाळायची सोय अडोबी स्टॉकवर आहे. सणाच्या कामात मी ती चालू ठेवतोच. एआयच्या गुढीत कलश सरळ उभा, वर नारळ, आणि साखरेच्या गाठीच्या जागी झेंडूची माळ, असले प्रकार सर्रास दिसतात. कलश पालथा आहे ना, कडुलिंबाचा डहाळा आहे ना, वस्त्राला काठ आहे ना, एवढं फोटो मोठा करून पाहाच. खऱ्या फोटोतही स्टुडिओवाल्याने नथ उजव्या नाकपुडीत अडकवलेली असू शकते, किंवा फोटोच उलटा फिरवलेला असतो. हे क्लायंटच्या आईला पहिल्या नजरेत दिसतं.

निवडलेले तीन-चार फोटो गूगल लेन्समध्ये, म्हणजे चित्रावरून शोध घेणाऱ्या सोयीत, टाकून बघा. स्टॉकचा फोटो कुणालाही घेता येतो, त्यामुळे शेजारच्या पेठेतल्या सराफाने तोच गेल्या दिवाळीत वापरलेला असू शकतो.

विकत घेण्याआधी मंजुरी घ्या. वॉटरमार्क (फोटोवरचा साइटचा पुसट शिक्का) असलेली नमुना प्रत फुकट उतरवता येते. ती लेआउटमध्ये बसवून क्लायंटला दाखवा आणि होकार लेखी घ्या, व्हॉट्सॲपवरचाही चालेल.

आकार तपासा. इंचाला 300 पिक्सेलने छापायचं तर ए-फोर पानाला 2480 बाय 3508 पिक्सेल लागतात. वर्तमानपत्राच्या कागदाला त्याहून कमीत भागतं. लांबून पाहायच्या होर्डिंगला इंचाला तीसनेही काम होतं, म्हणजे आपल्या वीस बाय दहाला 7200 बाय 3600. नेमकं काय हवं ते फ्लेक्सवाल्याला विचारा.

आता परवाना, इथे घाई करू नका. तुम्ही फोटोचे मालक होत नाही, वापरण्याची परवानगी घेता. रॉयल्टी-फ्री परवान्यात एकदा पैसे भरले की फोटो पुन्हापुन्हा वापरता येतो, पण मर्यादेत. शटरस्टॉक आणि अडोबी स्टॉकच्या साध्या परवान्यात छापील प्रतींची मर्यादा 5 लाख आहे. एखाद्या मोठ्या दैनिकाच्या सगळ्या आवृत्त्यांत जाहिरात गेली की हा आकडा सहज ओलांडला जाऊ शकतो. शटरस्टॉकवर होर्डिंगलाही पाहणाऱ्यांच्या संख्येची मर्यादा आहे. त्यापुढे वाढीव परवाना लागतो, आणि तो बराच महाग असतो. पेढीने तोच फोटो कॅलेंडरवर छापून कॅलेंडर विकायला काढलं, तरीही वाढीव परवानाच. लोगोत मात्र स्टॉक फोटो वापरूच नये.

फोटोवर 'एडिटोरियल' लिहिलं असेल तर तो बातमी-लेखापुरता. शोभायात्रेतल्या ढोलपथकाचा कितीही झकास फोटो असला तरी जाहिरातीत नाही. चेहरा ओळखू येत असेल तर मॉडेल रिलीज, म्हणजे त्या व्यक्तीची लेखी संमती, असल्याची नोंद पाहा. अनस्प्लॅश, पेक्सेल्ससारख्या फुकट साइटवर ती हमी मिळेलच असं नाही. म्हणून माणसं असलेल्या जाहिरातीला मी तिथला फोटो घेत नाही. पोत, फुलं, पार्श्वभूमी यांना खुशाल घ्यावा.

पैसे कसे भरायचे? वर्षाकाठी चार-पाच फोटो लागत असतील तर सुटे क्रेडिट, म्हणजे आधी पैसे भरून घेतलेले आणि हवे तेव्हा फोटोवर खर्चायचे गुण, घ्या. दर आठवड्याला लागत असतील तरच वर्गणी परवडते. पैसे महिन्याला कापले जाणार असले तरी करार वर्षाचा असू शकतो आणि मध्येच सोडल्यास भुर्दंड बसतो. बटण दाबण्याआधी ती बारीक ओळ वाचा. एका क्लायंटसाठी घेतलेला फोटो दुसऱ्याच्या कामात वापरायचा तर परवाना नव्याने घ्यावा लागतो.

फोटोचा क्रमांक फाइलच्या नावातून पुसू नका, तसाच राहू द्या. परवान्याची प्रत आणि पावती कामाच्याच फोल्डरमध्ये ठेवा. क्लायंटच्या बिलात फोटोची रक्कम वेगळ्या ओळीत दाखवा, डिझाइनच्या मेहनतान्यात मिसळू नका. पुढच्या पाडव्याला पेढीने शाखा वाढवून 'तोच फोटो, फक्त आणखी दहा होर्डिंगं' असा निरोप धाडला, तर परवान्याचा फरक मागायला तीच ओळ दाखवता येते.