पन्नासचे सत्तर करायला गेले आणि दोन झाले

घोडबंदर रोडवरच्या एका सोसायटीचा पंप कंट्रोलर वागळे इस्टेटमधल्या माझ्या टेबलावर आला. टाकी ५० टक्क्यांवर उतरली की पंप चालू व्हायचा. त्यांना ते ७० करून हवं होतं. एका बाईटचं काम. लिहिलं, झाकण लावलं, बोर्ड पाठवून दिला. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला सेक्रेटरींचा फोन, “मॅडम, पंप चालूच झाला नाही. नळ खडखडीत कोरडे आहेत.”

चूक माझीच. हे सेटिंग फ्लॅशमध्ये, म्हणजे वीज गेली तरी डेटा राखणाऱ्या मेमरी चिपमध्ये असतं. फ्लॅशमध्ये लिहिणं म्हणजे फक्त १ चा ० करणं. ० चा पुन्हा १ हवा असेल तर आधी पुसावं लागतं. मी न पुसता ५० वर ७० लिहिलं. ५० म्हणजे ००११००१० आणि ७० म्हणजे ०१०००११०. दोन्हीकडे १ असलेला बिट एकच, तोच उरला: ००००००१०. म्हणजे २. पंप बिचारा टाकी दोन टक्क्यांवर यायची वाट बघत बसला.

त्या बोर्डावर विनबाँड कंपनीची डब्ल्यू२५क्यू६४ ही फ्लॅश चिप होती. आठ पायांची, ८ एमबीची, राउटरपासून लॅपटॉपपर्यंत कुठेही सापडेल अशी. सरावाला हीच घ्या. फक्त ती ३.३ व्होल्टची आहे, त्यामुळे ५ व्होल्टच्या आर्डुइनो ऊनो बोर्डाला थेट जोडू नका. मी ब्लू पिल हा ३.३ व्होल्टचा छोटा मायक्रोकंट्रोलर बोर्ड वापरते. दुसरं कारण पुढे येईलच. तिसरी आणि सातवी पिन लोंबकळत ठेवू नका, ३.३ ला बांधा. नाहीतर चिप मधूनच रुसते आणि तुम्ही दिवसभर कोड तपासत बसता.

आधी ओळख विचारायची. चिप सिलेक्ट (चिपला ‘तुझ्याशीच बोलतेय’ सांगणारी पिन) खाली, म्हणजे ० व्होल्टला ओढा, ९एफ हा हुकूम पाठवा, तीन बाईट वाचा. इथले हुकूम आणि पत्ते सगळे हेक्समध्ये, म्हणजे सोळाच्या पायावर. ईएफ ४० १७ आलं तर जोडणी बरोबर. ईएफ म्हणजे विनबाँड. हेक्स १७ म्हणजे २३, आणि दोनचा तेविसावा घात म्हणजे बरोबर ८ एमबी. तिन्ही एफएफ किंवा तिन्ही ०० आले तर कोडकडे बघूच नका, वायर बघा. वाचणं सोपं: ०३, मग पत्त्याचे तीन बाईट, मोठ्या स्थानाचा आधी, आणि हवं तितकं वाचत राहा.

लिहिताना मात्र चिप क्रम सोडत नाही. आधी ०६, म्हणजे परवानगी, आणि चिप सिलेक्ट वर. हे ‘वर’ विसरायचं नाही. शिकाऊ पोरं ०६ आणि २० (पुसायचा हुकूम) एका दमात पाठवतात आणि मग काहीच पुसलं जात नाही, कारण सिलेक्ट वर गेल्यावरच चिप हुकूम मानते. आता पुन्हा खाली ओढा, २० आणि पत्ता पाठवा, वर सोडा. चिप पुसायला लागते. एरवी ४५ मिलीसेकंद, पण ४०० पर्यंतही जाऊ शकते. म्हणून अंदाजाने डिले टाकू नका. ०५ पाठवून स्टेटस वाचा. सगळ्यात खालचा बिट १ आहे तोवर ती कामात आहे, नवा हुकूम ऐकणार नाही. तो ० झाला की पुन्हा ०६, कारण परवानगी एका कामापुरतीच असते. मग ०२ (लिहायचा हुकूम), पत्ता आणि डेटा, सिलेक्ट वर, परत ०५ ची वाट. शेवटी ०३ ने वाचून ताळा करा. मी नेमका हाच ताळा केला नव्हता.

एका ०२ ने एकाच पानात लिहिता येतं, आणि पान २५६ बाईटचं असतं. पत्ता ००१०एफ० असेल तर त्या पानात सोळाच जागा उरतात. सतरावा बाईट पुढच्या पानावर जात नाही, गुपचूप ००१००० ला जाऊन बसतो. एररही येत नाही.

आणि २० ने एक बाईट पुसता येत नाही, अख्खे ४०९६, म्हणजे एक सेक्टर जातो. आधी ते सगळे रॅममध्ये घ्या, हवा तो बाईट बदला, पुसा, सोळा पानं परत लिहा. ऊनोत रॅम २ केबी, ब्लू पिलमध्ये २०. हे ते दुसरं कारण. पुसणं आणि लिहिणं यांच्या मध्ये वीज गेली तर सगळंच गेलं, म्हणून आपल्या डिझाइनमध्ये सेटिंगला दोन सेक्टर द्या आणि आलटून पालटून लिहा.

जुन्या समांतर (बाईटचे आठही बिट एकदम नेणाऱ्या) चिपांचे, २९एफ०४० वगैरेंचे, नखरे याहून जास्त. तिथे ५५५ ला एए, २एए ला ५५, परत ५५५ ला ए०, एवढं केल्यावर एक बाईट लिहू देते. पण त्यात शहाणपण आहे: वीज येता-जाता बसवर, म्हणजे चिपला जोडणाऱ्या तारांवर, काहीबाही उमटतं, त्यातून नेमका हाच क्रम जुळून येणं जवळपास अशक्य.

तो बोर्ड दुपारी परत मागवला. सेक्टर रॅममध्ये घेतला, पुसला, लिहिला, वाचला. हेक्स ४६ आलं, म्हणजे ७०. मगच झाकण लावलं. पैसे विचारले त्यांनी. मी घेतले नाहीत.