टॉवेल, चादर आणि इंग्रजीतला हायफन: कुठं टाकायचा, कुठं गाळायचा

सोलापुरात टॉवेल-चादरीचा नाहीतर युनिफॉर्मचा धंदा असला की इंग्रजी लिहिणं काही चुकत नाही, कोटेशन म्हणा, कॅटलॉग म्हणा, ऑनलाइन लिस्टिंग म्हणा. स्पेलिंग आता मोबाईलच दुरुस्त करून देतो, पण हायफनचं, म्हणजे शब्द जोडणाऱ्या छोट्या आडव्या रेघेचं, सगळं रामभरोसे, कोण प्रत्येक दोन शब्दांत टाकतंय तर कोण अख्ख्या कॅटलॉगात एकही टाकत नाही. आणि नेमकं तिथंच ऑर्डरचा घोळ होतो.

समजा बाहेरगावच्या पार्टीचा मेल आला, ट्वेंटी फोर पीस टॉवेल सेट्स पाठवा, हायफन कुठंच नाही. आता पाठवणार काय? फोर आणि पीस यांच्यात हायफन असता, म्हणजे ट्वेंटी फोर-पीस सेट्स, तर चार-चार टॉवेलांचे २० सेट, टोटल ८० टॉवेल. तिन्ही शब्द जोडलेले असते, ट्वेंटी-फोर-पीस सेट्स, तर एकेका सेटमध्ये २४ टॉवेल, आणि सेट किती पाहिजेत ते पार्टीनं सांगितलेलंच नाही. अशा वेळी अंदाजानं माल पॅक करू नका, फोन करा सरळ. तसंच टू कलर टॉवेल्सचं. टू-कलर टॉवेल म्हणजे एकाच टॉवेलात दोन रंग, आणि हायफन नसेल तर दोन नग कलर टॉवेल असाही अर्थ निघतो. स्मॉल टॉवेल फॅक्टरी लिहिलं तर फॅक्टरी छोटी का टॉवेल छोटे? नॅपकिन साईजचा माल काढणाऱ्यानं स्मॉल-टॉवेल फॅक्टरी लिहावं, नाहीतर वाचणाऱ्याला वाटायचं दोन लूमवर चाललंय.

तर मुद्दा एवढाच आहे की नामाच्या आधी दोन-तीन शब्द मिळून एकच विशेषण झालं असेल तर ते हायफननं बांधायचे, म्हणजे वाचणारा ते सुटे-सुटे वाचत नाही. मराठीत आपण नीलकमल, महाराष्ट्र असे समास थेट चिकटवून मोकळे होतो, इंग्रजीत शब्द बहुतेक सुटेच राहतात, म्हणून तिथं ही आडवी रेघ लागते.

ओळखायचं कसं? दोन शब्दांच्या मध्ये अँड घालून बघा. सॉफ्ट व्हाईट टॉवेल, सॉफ्ट अँड व्हाईट टॉवेल, चाललं की, म्हणजे दोन्ही शब्द आपापले वेगळे आहेत, हायफन नको, हवा तर कॉमा द्या. यार्न-डाईड टॉवेल घ्या, यार्न अँड डाईड टॉवेल असं काही होतच नाही, कारण सूत आधी रंगवून मग विणलंय हे दोन्ही शब्द मिळून सांगतायत, म्हणून हायफन पाहिजे. क्विक-ड्राय, एक्स्पोर्ट-क्वालिटी, डबल-बेड चादर, सोलापूर-बेस्ड कंपनी, सगळे याच गटातले.

पण हे नामाच्या आधी असतानाच बरं का. वेल-मेड चादर लिहिताना हायफन, पण धिस चादर इज वेल मेड असं वाक्याच्या शेवटी आलं की हायफन गेला, कारण पुढं नामच नाही तर घोळ होणार कशाचा. मेड-टू-ऑर्डर युनिफॉर्म्स, पण अवर युनिफॉर्म्स आर मेड टू ऑर्डर. ही एक गोष्ट नीट बसली तरी अर्धं काम झालं.

आता सगळ्यात जास्त चुकतं ते एल-वाय वाल्या शब्दांत. न्यूली ओपन्ड शोरूम, ब्युटिफुली वोव्हन चादर, यात हायफन टाकायचा नाही, कारण एल-वाय बघूनच वाचणाऱ्याला कळतं की हा शब्द पुढच्या शब्दाला लागलाय. बोर्डांवर मात्र न्यूली-ओपन्ड सर्रास दिसतं, पेंटरनं जागा भरून काढलेली. व्हेरी सॉफ्ट टॉवेल, यातही नको. फॅमिली-ओन्ड बिझनेसमध्ये मात्र हायफन लागतो, तिथं फॅमिली हे नाम आहे, शेवटी एल-वाय दिसतंय म्हणून फसायचं नाही.

आकड्यांचं बघू. अक्षरात लिहिताना ट्वेंटी-वनपासून नाइंटी-नाइनपर्यंत मधल्या सगळ्या जोडआकड्यांत हायफन येतो, चेकवर सुद्धा. वन हंड्रेड, टू थाउजंडला नाही. टू-थर्ड्ससारख्या अपूर्णांकाला येतो. मापाच्या बाबतीत नामाच्या आधी युनिट एकवचनी होतं, सिक्स्टी-इंच टॉवेल, इंचेस नाही, टेन-डे डिलिव्हरी, डेज नाही. पण द टॉवेल इज सिक्स्टी इंचेस लाँग इथं हायफन पण नाही आणि अनेकवचन परत आलं. युनिटचं फक्त चिन्ह लिहिलं असेल, ५ केजी, ३० सीएम, तर मध्ये नुसती स्पेस सोडतात, हायफन नाही, जीएसएमलाही, म्हणजे कापडाच्या दर चौरस मीटरच्या ग्रॅममधल्या वजनालाही, मी तेच करतो, ५०० जीएसएम टॉवेल. वयाचं पण असंच, सिक्स-इयर-ओल्ड गर्ल, आणि नुसतं अ सिक्स-इयर-ओल्ड म्हटलं तरी हायफन राहतात कारण तिथं अख्खा जोडशब्दच नाम झालाय, पण शी इज सिक्स इयर्स ओल्ड, इथं काहीच नाही. शाळेच्या युनिफॉर्मचे साईज चार्ट करणाऱ्यांनी हे भिंतीवर चिकटवून ठेवा.

एकाच नामाला दोन जोडशब्द लागत असतील तर प्रत्येक वेळी सगळं लिहायची गरज नाही, सिंगल- अँड डबल-बेड चादर्स असं लिहितात. पहिल्या सिंगलच्या मागं हायफन लोंबकळत ठेवलेला दिसतो ती प्रिंटिंग मिस्टेक नाही, बरोबर आहे ते, डीटीपीवाल्याला आधीच सांगून ठेवा नाहीतर तो पुसून टाकतो.

क्रियापदाचे पण दोन-दोन अवतार असतात. वी विल फॉलो अप, हे क्रियापद, सुटं लिहायचं. सेंड अ फॉलो-अप, हे नाम, जोडायचं. चेक इन आणि चेक-इन तसंच. आपल्याच लाईनमध्ये बेडशीट, टॉवेल असल्या तयार मालाला मेड-अप्स म्हणतात, तिथं हायफन काढला तर मेड अप म्हणजे रचलेलं, खोटं असा वास येतो, बायरला मेल लिहिताना तेवढं सांभाळा.

उपसर्गांना साधारण हायफन नको, पण सेल्फ- आणि एक्स- ला लागतो, पुढं कॅपिटल अक्षर किंवा साल आलं तरी लागतो, नॉन-इंडियन, प्री-१९४७. आणि अर्थच पालटत असेल तर लागतोच लागतो. री-साइन म्हणजे परत सही करणं, त्यातला हायफन काढा आणि तीच स्पेलिंग रिझाइन होते, म्हणजे राजीनामा. कॉन्ट्रॅक्ट रिन्यू करायला आलेल्या माणसाला मॅनेजर विल रिझाइन टुमारो असा मेल गेला तर काय होईल बघा. री-कव्हर म्हणजे सोफ्याला नवं कापड चढवणं, रिकव्हर म्हणजे बरं होणं नाहीतर उधारी वसूल करणं.

को-ऑपरेटिव्हवर आपल्याकडं लई वाद, पतसंस्था आणि साखर कारखान्यांचा जिल्हा आहे ना. कायद्याच्या नावात, महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह सोसायटीज ॲक्ट, १९६०, हायफन आहे, आणि २०२१ साली दिल्लीत निघालेल्या सहकार मंत्रालयाच्या इंग्रजी नावात नाही. दोन्ही बरोबर. संस्थेचं नाव रजिस्ट्रेशनवर जसं असेल तसंच लिहा, आपली अक्कल तिथं चालवू नका.

कारण हे शब्द काळाबरोबर बदलत जातात. टुडे हा शब्द सुद्धा पूर्वी टू-डे असा हायफन घालून लिहायचे. २००७ मध्ये शॉर्टर ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरीची सहावी आवृत्ती आली तेव्हा जवळपास १६,००० शब्दांचे हायफन काढले, आइस क्रीम दोन सुटे शब्द झाले, बम्बलबी एकच झाला. ई-मेलचा हायफन अमेरिकेच्या असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेनं २०११ मध्ये आपल्या स्टाईलबुकातून, म्हणजे लिहिण्याच्या नियमांच्या पुस्तकातून, काढला. टी-शर्ट, एक्स-रे, यू-टर्न मात्र अजून तसेच आहेत. म्हणून शंका आली की ताजी डिक्शनरी बघायची, शाळेतल्या गाईडवर जाऊ नका. आणि इन्कम टॅक्स ऑफिस, हाय स्कूल स्टुडंट असल्या रोजच्या वापरातल्या जोड्यांना नामाच्या आधी असूनही कुणी हायफन देत नाही, कारण चुकीचं वाचलं जायची भीतीच नसते. नियम दाखवायला म्हणून सगळीकडं रेघा मारल्या की कॅटलॉग काटेरी तारेसारखा दिसतो.

नातेवाइकांचं अनेकवचन करताना एस मुख्य शब्दाला लागतो, ब्रदर्स-इन-लॉ, सिस्टर्स-इन-लॉ. पासर्स-बाय पण तसंच. ग्रोन-अप्समध्ये मुख्य नामच नाही म्हणून शेवटी.

टाईप करताना हायफनच्या दोन्ही बाजूंना स्पेस द्यायची नाही, वेल - मेड असं लिहिलं की तो हायफन राहतच नाही. २०२०–२५ अशा कालावधीत छापताना जी थोडी लांब रेघ येते ती वेगळी, तिला एन डॅश म्हणतात, व्हॉट्सॲपवर कोण बघत नाही पण छापील कॅटलॉगात बरं दिसतं. वर्डमध्ये जोडशब्द ओळीच्या शेवटी तुटून अर्धा खाली जात असेल तर साध्या हायफनच्या जागी कंट्रोल, शिफ्ट आणि हायफन एकत्र दाबा, तो शब्द मग एकाच ओळीत राहतो. प्रेसला फाईल द्यायच्या आधी कंट्रोल एफ करून एल, वाय आणि हायफन लागोपाठ शोधा, फॅमिली-ओन्डसारखे सोडून जे-जे सापडेल त्यातला हायफन उडवा.