सूत्र पाठ आहे तरी गणित चुकतंय? या चुका टाळा

परभणीत घरीच नववी-दहावीच्या पोरांची शिकवणी घेतो, आणि 'गतीचे नियम' सुरू झालं की दरवर्षी तेच गाऱ्हाणं, सर सूत्र तर पाठ आहे तरी उत्तर येईना. वही बघितली की सूत्र खरंच बरोबर असतं, घोळ त्याच्या आधीच झालेला असतो.

सगळ्यात जास्त मार्क खाते ती वजाची खूण. परवाचंच गणित घ्या. 160 ग्रॅमचा चेंडू 20 मीटर प्रति सेकंद वेगानं भिंतीवर आदळला आणि 15 नं परत आला, संवेगात, म्हणजे वस्तुमान गुणिले वेग यात, बदल किती? निम्म्या लेकरांनी 20 मधून 15 वजा केले, 0.16 नं गुणलं, 0.8 लिहून मोकळे. अरे पण चेंडू उलटा आलाय ना! जातानाचा वेग +20 धरला तर येतानाचा −15, मग बदल 0.16 × (−15 − 20) म्हणजे −5.6 किग्रॅ मी/से. आकडा सातपट मोठा निघाला की नाही. म्हणून गणित हातात घेतलं की आधी एक बाण काढा, त्यावर 'धन' लिहा, मगच पुढं. एक पोरगं म्हणलं, सर उलटी दिशा धन धरली तर? धर की, फक्त मधेच बदलू नको.

एककाचं पण तसंच. एसटी 72 किमी/तास वेगानं चाललीय, ड्रायव्हरनं ब्रेक मारला, एकसारखा वेग कमी होत 4 सेकंदात थांबली, तर अंतर किती? आधी 72 ला 5/18 नं गुणून 20 मी/से करायचं, त्वरण, म्हणजे दर सेकंदाला वेगात होणारा बदल, −5 येतं आणि अंतर 40 मीटर. जे 72 तसंच घालतात त्यांचं 144 येतं, जे त्वरणाचा वजा विसरतात त्यांचं 120, आणि दोघंबी खाली दोन रेघा मारून खुश! ताळा लई सोपा आहे, सरासरी वेग 10, वेळ 4, झाले 40.

मोंढ्यात आपण म्हणतो धान्याच्या कट्ट्याचं, म्हणजे पोत्याचं, वजन 50 किलो. पेपरात ते वस्तुमान, वजन म्हणजे त्याला गुरुत्व त्वरणानं गुणून, 50 × 9.8 = 490 न्यूटन.

आता बैलगाडी, इथं हुशार पोरं पण अडकतात. गाडी सरळ रस्त्यानं एकसमान वेगानं चाललीय, तर त्वरण किती? बैल जोर लावायलेत म्हणजे त्वरण असणारच, असं धरून गणित ओढत नेतात. पण 'एकसमान' हा शब्द गाळून वाचला ना राजा. बैलांची ओढ आणि मागं खेचणारं घर्षण सारखंच आहे, निव्वळ बल शून्य, त्वरण शून्य. त्यालाच जोडून येणारा प्रश्न, बैल गाडीला जेवढं ओढतो तेवढंच गाडी बैलाला मागं ओढते, मग गाडी जागची हलते कशी? ही दोन बलं वेगवेगळ्या वस्तूंवर आहेत, एकमेकांना खोडायचीच नाहीत. बैल खुरानं जमीन मागं रेटतो, जमीन बैलाला पुढं. नुसत्या गाडीचं चित्र काढून फक्त तिच्यावरची बलं दाखवा, डोकं शांत होतं.

टकरीच्या गणितात दोन वस्तू चिकटल्या तर गतिज ऊर्जा सारखी धरू नका. 20 टनांचा डबा 3 मी/से नं येऊन उभ्या 10 टनांच्या डब्याला जोडला गेला, तर संवेगावरून वेग 2 मी/से येतो. ऊर्जा मात्र 90 किलोज्यूलची 60 झाली, बाकीची आवाजात, उष्णतेत आणि धक्क्यात गेली.

सरावाचं एकच सांगतो, गाईड उघडं ठेवून सोडवू नका, सगळं समजल्यासारखं वाटतं आणि दुसऱ्या दिवशी कोरं. माझ्याकडच्या एका पोरीनं वहीच्या मागच्या पानावर चार रकाने पाडलेत, चिन्ह, एकक, वाचन, आकडेमोड, चूक झाली की त्या रकान्यात रेघ. पहिल्या महिन्यात चिन्हाखाली अकरा रेघा होत्या, आणि आकडेमोडीखाली फक्त दोन.