एक दिवस, एक डबा, एक पुस्तक

शनिवारचा पेपर आला की मी आधी मेगाब्लॉकची, म्हणजे रविवारी दुरुस्तीसाठी लोकल कुठे बंद, कुठे वळवलेल्या याची चौकट वाचते, मग बाकीच्या बातम्या. लालबागला राहणाऱ्या माणसाचा रविवार त्या चौकटीवर ठरतो. मध्य आणि हार्बर मार्गावर ब्लॉक असला की साधारण साडेदहा-अकरापासून दुपारी चारपर्यंत गाड्यांचा घोळ असतो. धीम्या गाड्या जलद मार्गावरून वळवल्या, की चिंचपोकळी, करी रोडला त्या थांबतच नाहीत. हे न बघता निघालं तर फलाटावरच दुपार होते. म्हणून माझा पहिला नियम: आठच्या आत घर सोडायचं आणि परतायचं ते ब्लॉक संपल्यावर. मधले तास आपले.

महिन्यातला एक रविवार मी असा बाहेर काढते. गेली अकरा वर्षं, पावसाळ्यातले दोन महिने सोडून. कापडाच्या दुकानात हिशेब लिहिते, सहा दिवस आकड्यांत जातात. माझी भाची ठाण्याला असते. तिने परवा फोनवर विचारलं, "मावशी, तू हे जमवतेस कसं गं? आम्ही कुठे जायचं म्हटलं की चार दिवस चर्चा होते आणि शेवटी मॉलमध्ये जातो." तिला जे सांगितलं तेच इथे लिहिते आहे.

मुळात एकाच जागी जायचं. वसई आणि जमलं तर नालासोपारा, असं करायचं नाही. एक जागा, एक डबा, एक पुस्तक. जागेला निदान चार तास द्यायचे आणि त्यातला दीड-दोन तास एका ठिकाणी बसून वाचायचं. सगळं बघून व्हायलाच हवं हा हट्ट सोडला की पाय दुखत नाहीत आणि जागाही लक्षात राहते. ज्या जागेत आपण तासभर वाचत बसलो, तिथला वारा, तिथली माणसं, भिंतीवरून सरकत गेलेलं ऊन, सगळं त्या पानांना चिकटून येतं.

आता पुस्तक. इथे बहुतेक लोक चुकतात. बाहेर जाताना कोरं पुस्तक नेऊ नका. पहिली वीस-पंचवीस पानं घरी, आठवड्यात रात्री झोपताना वाचून ठेवा. नवीन पुस्तकात शिरायला शांतता लागते आणि लोकलमध्ये ती नसते. एकदा माणसं ओळखीची झाली, की मग शेजारी भाजीची टोपली असो, नाहीतर पोर रडत असो, वाचन तुटत नाही. जाड कादंबरी खांदा दुखवते. दीडशे-दोनशे पानांचं पुस्तक बरं, कथासंग्रह त्याहून बरा.

आणि सगळ्यांत बरा दिवाळी अंक. 1909 साली 'मनोरंजन' मासिकाने पहिला दिवाळी अंक काढला, तेव्हापासून आपल्याकडे ही चाल आहे. सहलीसाठी याहून सोयीचं काही नाही. एक कथा एका बैठकीत संपते, कंटाळा आला तर पुढचा लेख निराळा असतो, हातात वजन नाही. वाचनालयांत दिवाळी अंकांची वेगळी योजना असते, थोड्या पैशांत होळीपर्यंत एकामागून एक अंक घरी येतात. मी रद्दीवाल्याकडूनही जुने अंक उचलते. दहा वर्षांपूर्वीचा अंक वाचायला मजा येते, जाहिरातीसुद्धा वाचते.

पुस्तकं विकत घ्यायला हातात फार पैसे नसतात, म्हणून वाचनालय सोडू नका. मुंबई मराठी ग्रंथ संग्रहालय 1898 पासून चालू आहे, आणि आपापल्या वस्तीत कुठे ना कुठे छोटं वाचनालय असतंच. आमच्या गिरणगावात तर चाळीचाळींत असायचं. माझे वडील गिरणीतून पाळी संपवून यायचे, आंघोळ करायचे आणि कोपऱ्यावरच्या वाचनालयात पेपर वाचायला जायचे. बाकावर सगळे मांडीला मांडी लावून बसलेले, पेपराची पानं वाटून घेतलेली. मी त्यांच्याबरोबर जायचे ते चित्रांसाठी. वाचायची सवय तिथे लागली. वाचनालयाचं पुस्तक प्रवासात नेणार असाल तर त्याला कापडी पिशवीचं कव्हर शिवून घ्या. तेलाचा डाग पडला तर पुढच्या वाचकाच्या हाताला लागतो.

डब्याविषयी मी जरा सविस्तर सांगते, कारण दिवस बिघडतो तो डब्यामुळे. भात नको, आमटी नको, चमचा लागेल असं काही नको. पुस्तक हातात धरून एका हाताने खाता यावं. माझ्या सासूबाई साताऱ्याकडच्या. त्यांच्याकडे प्रवास म्हटलं की दशमी. पूर्वी बैलगाडीने, पायी जाताना पाण्यात मळलेली भाकरी-पोळी टिकायची नाही आणि दुधात मळलेली दोन दिवस मऊ राहायची, असं त्या सांगायच्या. मी गुळाची दशमी करते.

दोन वाट्या कणीक, अर्धी वाटी बारीक चिरलेला गूळ, चिमूटभर मीठ, थोडी वेलची, एक मोठा चमचा पातळ तूप. गूळ दुधात विरघळवायचा, पण दूध गार हवं. पहिल्यांदा मी घाईत गरम दुधात गूळ टाकला आणि दूध फाटलं. सासूबाई काही बोलल्या नाहीत, त्यांनी दुसरं दूध काढून दिलं आणि गूळ बोटांनी चुरत बसल्या. तेव्हापासून दूध तापवून पूर्ण गार झाल्यावरच गूळ घालते, दहा मिनिटं ठेवते, ढवळते आणि गाळून घेते, कारण गुळात खडे असतात. कणकेला आधी तूप चोळायचं. मुठीत दाबली की मुटका झाला पाहिजे. मग ते दूध थोडं थोडं घालत घट्ट मळायचं. साधारण पाऊण वाटी लागतं, पण कणकेवर असतं, एकदम ओतू नका. गूळ मागाहून सुटतो आणि पीठ सैल होतं. अर्धा तास झाकून ठेवायचं.

लाटायची पोळीपेक्षा जाड. आच मंद. गूळ असल्याने मोठ्या आचेवर वरून काळी पडते आणि आत कच्ची राहते. तव्यावर टाकल्यावर घाईने उलटायची नाही. कडा सुटल्या, की उलटायची, मग तूप सोडायचं. गुळाचा आणि तुपाचा मिळून जो वास येतो, त्याने शेजारच्या खोलीतली मुलं दारात येऊन उभी राहतात. एक-दोन जास्तच करायच्या. एवढ्या पिठात सात-आठ होतात.

आता मुंबईची गोष्ट. दशम्या गरम असताना डब्यात भरल्या तर वाफेने ओल्या होतात आणि दमट हवेत दुसऱ्या दिवशी वास येतो. शनिवारी रात्री करून सुती कापडावर पसरून पूर्ण गार होऊ द्यायच्या. मग त्याच कापडात गुंडाळून स्टीलच्या डब्यात. एप्रिल-मे मध्ये मी दूध वापरत नाही. त्या दिवसांत तिखटमिठाच्या पुऱ्या, ओवा जरा जास्त घालून. सोबत शेंगदाण्याची सुकी चटणी, लसूण थोडा, आणि एक काकडी. काकडी तिथे जाऊन चिरायची, मीठ कागदाच्या पुडीत. आमच्या घरात सुकट सगळ्यांना आवडते, पण ती डब्यात बांधू नका. गाडीत डबा उघडला की डब्यातले सगळे वळून बघतात आणि त्यांचाही रविवार असतो. थर्मासमध्ये चहा, बस.

जायचं कुठे? माझ्या मनात पहिली वसई. दादरहून विरार गाडी. सकाळी उत्तरेकडे जाताना ऊन उजव्या हाताला असतं, म्हणून वाचायला डावीकडची खिडकी धरायची. भाईंदर सुटलं की पुस्तक मिटायचं. खाडीचा पूल येतो, मध्ये पाणजू बेट, दोन्ही बाजूंना पाणी, आणि डब्यात एकदम गार हवा घुसते. एवढ्या दोन-तीन मिनिटांसाठी मी विरार गाडीची गर्दी सोसते. वसई रोडला पश्चिमेला उतरून किल्ल्याकडे बस किंवा रिक्षा मिळते.

हा किल्ला पोर्तुगीजांकडे होता, 1534 पासून दोनशे वर्षांच्या वर. मे 1739 मध्ये चिमाजी आप्पांनी तो जिंकला. नाशिकला नारोशंकराच्या देवळातली मोठी घंटा बघितली असेल, ती या विजयातली. आत चर्चचे अवशेष आहेत, छप्पर गेलेलं, कमानी उभ्या. कमानींवर वड-पिंपळाची मुळं चढली आहेत. फरशीत थडग्यांचे दगड, त्यांवर अक्षरं कोरलेली. त्यांवर पाय पडणार नाही असं चालायचं. मला बसायला आवडतं ते एका मोठ्या कमानीखाली. दहाच्या सुमाराला तिथे सावली असते आणि वारा समुद्राकडून येतो. बाराला सावली सरकते, तेव्हा उठायचं, हात धुवायचे, डबा उघडायचा. रविवारी फोटो काढायला लग्न ठरलेली जोडपी येतात, कॅमेरेवाले असतात. त्यांच्यापासून जरा आतल्या बाजूला गेलात की शांत. परत येताना वसईच्या बाजारात सुकेळी मिळाली तर घ्या. राजेळी केळी सोलून उन्हात वाळवतात आणि केळीच्या सुक्या पानांत बांधून विकतात. गडद तपकिरी, चिकट, गुळासारखी. घरी नेईपर्यंत पुडी उघडू नये, उघडली की संपते.

दुसरी जागा अंबरनाथ. अंबरनाथ स्टेशनच्या पूर्वेला, रिक्षाने दहा मिनिटं. शिलाहारांच्या काळातलं शिवमंदिर, शिलालेखात शके 982 आहे, म्हणजे 1060 साल. गाभाऱ्यात पायऱ्या उतरून खाली जावं लागतं, आणि खाली गेल्यावर डोक्यावर शिखराऐवजी आकाश दिसतं. बाहेरच्या भिंतींवर इतकं कोरीव काम आहे, की एक बाजू बघायला अर्धा तास जातो. मी दरवेळी एकच बाजू बघते. महाशिवरात्र आणि श्रावणी सोमवार टाळा, त्या दिवशी ती भक्तांची जागा असते, वाचकांची नाही.

कान्हेरीला गेलात तर एक सांगते: डबा बाहेर काढू नका. बोरिवलीहून राष्ट्रीय उद्यानात शिरलात की आत काही किलोमीटरवर लेणी आहेत, शंभराहून जास्त. लेण्यांबाहेर दगडात कोरलेल्या बैठका आहेत, पाण्याच्या टाक्या आहेत, पाऊस संपल्यावर त्या भरलेल्या असतात. वाचायला याहून सुंदर बैठक मुंबईत नाही. पण माकडं फार. दोन वर्षांपूर्वी मी दशमीचा एक तुकडा हातात घेतला आणि एका माकडिणीने मागून येऊन अख्खी गुंडाळी नेली, कापडासकट. सासूबाईंच्या जुन्या लुगड्याचा तो तुकडा होता. तेव्हापासून कान्हेरीला पोटभर न्याहारी करून जाते आणि डबा उद्यानाबाहेर, परतीच्या वाटेवर खाते. उद्यान सोमवारी बंद असतं, हेही लक्षात ठेवा.

बरोबर कोण न्यायचं? मी बहुतेक एकटी जाते. कोणी येणार असेल तर त्यानेही पुस्तक आणलं पाहिजे. माझी एक शाळेपासूनची मैत्रीण येते. आम्ही कमानीच्या दोन टोकांना बसतो, तासभर एक शब्द बोलत नाही. मग डबा उघडला, की बोलतो ते परतीची गाडी दादरला लागेपर्यंत. घारघे तिचे, दशम्या माझ्या, अशी वाटणी आहे.

मोबाइल बंद करायला मी कोणाला सांगत नाही, घरी म्हातारं माणूस असतं. आवाज मोठा ठेवा आणि पिशवीत खाली टाका. वाजला तर कळतो.

खूण म्हणून मी रेल्वेचं तिकीट पानात ठेवते. परतीचं तिकीट काढलं, की मागे तारीख आणि जागा पेनाने लिहिते, कुठल्या पानापर्यंत आले ते लिहिते. पुस्तक वाचनालयात द्यायच्या आधी तिकीट काढून एका डब्यात टाकते. एकदा राहून गेलं होतं. सहा-सात महिन्यांनी तेच पुस्तक पुन्हा घरी आणलं, तेव्हा आत माझं वसईचं तिकीट होतं आणि त्याच्या पाठीमागे, माझ्या अक्षराखाली, दुसऱ्या कोणीतरी पेन्सिलीने लिहिलं होतं: "आम्ही पण जाऊन आलो. कमान सापडली."