चामड्याचे बंधन-बूट घरी शिवताना

प्रौढ जोडीदारांच्या परस्परसंमतीच्या बंधनखेळात वापरले जाणारे बूट दिसायला घोट्यापर्यंतच्या साध्या बुटांसारखेच असतात, मात्र त्यांच्यावरचा ताण निराळ्या दिशेने येतो. चालण्याच्या बुटाचा सोल झिजतो. या बुटाची घोट्यावरची कडी ओढली जाते आणि ती ओढ कशावर तरी जिरवावी लागते. त्यामुळे एक नियम कापण्यापासून शेवटच्या टाक्यापर्यंत पाळावा: ओढ घोट्याभोवतीच्या पट्ट्याने सोसावी, बुटाच्या अप्परने (सोलच्या वरच्या, पाय झाकणाऱ्या भागाने) नव्हे. कडी थेट अप्परवर शिवली तर टाक्यांची रांग टपाल तिकिटाच्या कडेसारखी भोकाभोकांनी फाटत जाते. नवशिक्यांच्या हातून बहुतेक वेळा बिघडते ते इथेच.

अप्परसाठी 1.2 ते 1.5 मिमी जाडीचे मऊ क्रोम (क्रोमियमच्या क्षाराने कमावलेले) चामडे चांगले, कारण ते पायाच्या आकाराला सहज वळते. पट्टा आणि सोल यांना मात्र वनस्पतिजन्य टॅनिनने कमावलेले, घट्ट विणीचे चामडे हवे, पट्ट्याला 2.5 ते 3 मिमी, सोलला 3.5 ते 4 मिमी. हे तुकडे जनावराच्या पाठीच्या भागातून निघालेले असावेत. पोटाकडचे चामडे सैल असते, ते ओढले की लांबते आणि परत जागेवर येत नाही. अस्तराला मेंढीचे किंवा डुकराचे पातळ कातडे घ्यावे. कड्या व बक्कल पितळी किंवा स्टेनलेस स्टीलच्या असाव्यात, कारण वनस्पतिजन्य चामड्याला ओलसर अवस्थेत लोखंड लागले की काळे डाग पडतात आणि ते सहज निघत नाहीत. कडीचा जोड वेल्ड करून पक्का केलेला आहे का हे नखाने चाचपून पाहावे. नुसती वाकवलेली तार ओढीखाली उघडते. त्वचेला निकेल सोसत नसेल तर निकेलचा मुलामा असलेला माल टाळावा.

माप संध्याकाळी घ्यावे, कारण दिवसभरात पाय थोडे सुजतात, आणि दोन्ही पायांचे वेगवेगळे घ्यावे. पायात जुना मोजा घालून त्यावर कागदी चिकटपट्टीचे दोन-तीन थर घट्ट बसवावेत. पेनाने सोलची कड, टाचेमागची मधली रेघ आणि पुढे जिथे बूट उघडणार ती रेघ आखावी, मग त्या रेघांवरून गोलटोकी कात्रीने कापून कवच सपाट करावे. जिथे ते सपाट होत नाही तिथे छोटी चीर द्यावी. या तुकड्यांभोवती 4 मिमी शिवणीची जागा आणि बोटांपुढे सुमारे 10 मिमी मोकळीक ठेवून कागदी नमुना बनवावा. चामड्याला हात लावण्यापूर्वी जाड कापडाचा एक बूट शिवून घालून पाहणे कंटाळवाणे वाटते, पण वाया गेलेल्या चामड्यापेक्षा ते स्वस्त पडते. बूट उघडण्याची चीर बोटांच्या मुळापर्यंत खाली न्यावी. नाडीच्या दोन ओळी सैल केल्या की पाय बाहेर निघाला पाहिजे.

शिवण दोन सुयांची असावी. यंत्राच्या टिपेत वरचा आणि खालचा दोरा एकमेकांत अडकलेले असतात आणि एक तुटला की शेजारचे टाके सैल होऊ लागतात. दोन सुयांच्या टिपेत प्रत्येक भोकातून दोन्ही दोरे आरपार जातात, म्हणून एक झिजला तरी दुसरा धरून राहतो. 4 मिमी अंतराच्या भोकांना 0.8 मिमी जाडीचा मेण लावलेला पॉलिस्टर दोरा शोभतो आणि पुरतोही. दोऱ्याची लांबी शिवणीच्या चौपट घ्यावी, दोन्ही टोकांना बोथट सुया ओवाव्यात. सारख्या अंतराच्या दातांच्या काट्याने खुणा उमटवून आरीने (चामड्याला भोक पाडायच्या टोच्याने) तिरपी भोके पाडावीत. पहिल्या सुईने भोक ओलांडले की तिचा दोरा किंचित मागे खेचून ठेवावा आणि दुसरी सुई त्याच्या पुढच्या बाजूने त्याच भोकातून घालावी. तिने पहिल्या दोऱ्यालाच भोसकले तर टाका ओढला जात नाही आणि दोरा कमजोर होतो. दर टाक्याला हा क्रम तोच ठेवावा आणि दोन्ही हातांनी सारख्याच जोराने ओढावे. टाके तिरपे व एकसारखे दिसण्याचे सारे गुपित एवढेच. शेवटी दोन-तीन टाके उलटे घेऊन दोरा कापावा व त्याचे टोक वितळवून दाबावे.

अप्परचे तुकडे जोडण्यापूर्वी शिवणीच्या कडा रापीने (चामडे तासायच्या सुरीने) तासून पातळ कराव्यात, नाहीतर घोट्याजवळ दोन जाड कडा एकमेकींवर येऊन कातडीला घासतात. आयलेटच्या (नाडी ओवायच्या धातूच्या कड्यांच्या) रांगेखाली चामड्याची पट्टी घालावी, जीभ एका बाजूनेच शिवावी. अस्तर चिकटवताना दोन्ही पृष्ठभागांना सोल्युशन लावून ते बोटाला चिकटेनासे होईपर्यंत, साधारण 10 ते 15 मिनिटे, थांबावे आणि खिडकी उघडी ठेवावी. सोल जोडताना बूट उलटा शिवून मग सुलटा करण्याची पद्धत घरी सर्वांत सोयीची, कारण ती फर्म्याशिवायही (पायाच्या आकाराच्या साच्याशिवायही) जमते. आरी सोलच्या आतल्या पृष्ठभागातून घालून कडेच्या जाडीतून बाहेर काढली की दोरा जमिनीला लागतच नाही. उलटवण्यापूर्वी सोल कोमट पाण्याने ओलसर करावा, सुलटा केल्यावर कागद ठासून सावलीत वाळवावा.

आता पट्टा. त्याची रुंदी 40 ते 50 मिमी ठेवावी. अरुंद पट्टा तेवढीच ओढ कमी जागेवर टाकतो आणि रुततो. लांबी बुटावरून घेतलेल्या घोट्याच्या घेरापेक्षा सुमारे 16 सेंमी जास्त असावी, त्यातले 5 ते 6 सेंमी बक्कलच्या घडीत जातात. भोके 20 मिमी अंतराने पाच पाडावीत आणि मधले भोक मापाचे असावे. कडीसाठी 12 सेंमी लांब, 25 मिमी रुंद वादी (चामड्याची पट्टी) पट्ट्यावर त्याच्या लांबीच्या दिशेने ठेवून कडीची सरळ दांडी तिच्या मधोमध खालून जाऊ द्यावी. दांडीच्या दोन्ही बाजूंना एकेक तांब्याचा रिवेट ठोकावा आणि वादीच्या चारही कडांनी शिवण घ्यावी. अशाने ओढ पट्ट्याच्या लांबीत पसरते. रिवेट ठोकून झाल्यावरच आतून 3 मिमी निओप्रीन (स्पंजासारखा रबर) किंवा नमदा (दाबलेली लोकर) आणि त्यावर अस्तर लावावे, म्हणजे धातूचे एकही टोक पायाला लागणार नाही. अप्परवर फक्त तीन लूप शिवावेत. त्यांचे काम पट्टा घसरू न देण्यापुरतेच. पट्टा घोट्याच्या हाडांच्या वर, निमुळत्या भागावर बसावा. आतल्या हाडामागून रक्तवाहिनी आणि मज्जातंतू जातो, पुढच्या बाजूनेही मज्जातंतू कातडीखाली फार खोल नसतात, म्हणून बक्कलखालचा नमदा कधीही वगळू नये. कडा गोलावून, थोड्या पाण्याने ओलावून लाकडी दांडीने चकाकेपर्यंत घासाव्यात.

दोन बुटांना जोडणारी साखळी आखूड असेल तर तिच्या हुकाकडे विशेष लक्ष द्यावे. नेहमीचा फिरकीचा हुक ताणाखाली उघडत नाही; घोड्यांच्या सामानात मिळणारा पॅनिक हुक ताण असतानाही सुटतो, तोच घ्यावा. कुलूप शोभेला चालेल, पण किल्लीवर विसंबू नये. चामडे कापणारी बोथट टोकाची मजबूत कात्री हाताशी ठेवावी आणि तिने हा पट्टा कापला जातो का हे उरलेल्या तुकड्यावर आधीच पाहावे. असे बूट बांधून कोणाला एकटे सोडू नये, चालायला लावू नये आणि शरीराचा भार या कड्यांवर कधीही टांगू नये. बोटांच्या टोकावर उभे करणारे उंच बूट तर घरी शिवायचेच नसतात; त्यांना पोलादी आधारपट्टी आणि नेमका फर्मा लागतो.

पहिल्यांदा पायात घालण्यापूर्वी पट्टा लाकडी ओंडक्याला बांधून कडी सर्व जोराने दोन-तीन दिशांना ओढावी आणि मग भिंगाखाली भोके पाहावीत: एखादे भोक लांबट झाले असेल किंवा रिवेटभोवती सुरकुती पडली असेल तर ती वादी उसवून नव्याने लावावी. पायात बांधल्यावर पट्ट्याखाली दोन बोटे सहज जावीत. नुसता पट्टा उघड्या पायावर बांधून पायाच्या अंगठ्याचे नख दाबून सोडावे. गुलाबी रंग साधारण दोन सेकंदांत परत आला पाहिजे. मुंग्या, बधिरपणा किंवा पाय गार पडणे यांपैकी काहीही जाणवले तर लगेच पट्टा सोडावा. अस्तरात घाम मुरतो आणि चामडे उकळून निर्जंतुक करता येत नाही, म्हणून हे बूट एकाच व्यक्तीचे ठेवावेत. वापरानंतर ओलसर कापडाने पुसून, उन्हात न ठेवता, नाड्या सैल करून हवेशीर जागी वाळवावेत.